टकटक, खरखर की धाडधाड? जुन्या गाडीचं इंजिन कसं ऐकायचं

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ जमेल तेवढे कमी केलेत. बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय गाडी. शोरूममधली नाही, जुनी. आई-बाबांनी दहा-बारा वर्षं वापरून आता तुमच्या हातात आलेली, किंवा पहिल्या दोन पगारांतून पैसे बाजूला काढून घेतलेली सेकंडहँड. हडपसरमध्ये कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, अशा गाड्या दिसतीलच. रोज मगरपट्ट्याला जातात, शनिवारी सासवड नाहीतर थेऊरला जातात, आणि एके दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर काहीतरी नवीनच आवाज काढतात.

मग आपण गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, “इंजिनमधून आवाज येतोय.” मेकॅनिक विचारतो, “कसला?” आपण म्हणतो, “विचित्र आहे जरा.” बस. इथून पुढचा सगळा खर्च अंदाजावर.

गंमत म्हणजे आवाजासाठी शब्द कमी पडावेत अशी आपली भाषा नाही. टकटक, खडखड, खरखर, घरघर, खळखळ, फसफस, चीं चीं, धाडधाड. यातला प्रत्येक आवाज गाडीत वेगळ्या ठिकाणाहून येतो. गॅरेजमध्ये जाऊन “गार असताना टकटक, गरम झाली की बंद” एवढं जरी सांगितलंत, तरी अर्धं काम झालं. कारण आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कशाबरोबर वाढतो, हे जास्त महत्त्वाचं. आज मी जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

मी बीटेक आहे, पण मेकॅनिकल नाही. सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे बग आला की पहिला प्रश्न असतो, हा परत घडवून दाखवता येतो का? नक्की काय केल्यावर येतो? ते कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. गाडीलाही हेच लागू पडतं.

तर पहिली तपासणी. गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हळूहळू रेस द्या. आवाज रेसबरोबर वाढला, तर तो इंजिनचा किंवा इंजिनवर चालणाऱ्या बेल्ट, पंप, अल्टरनेटरचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि रस्त्यावर वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज वाढत जातो, तर तो बहुतेक व्हील बेरिंगचा नाहीतर टायरचा. त्याचा इंजिनशी संबंध नाही. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाला क्षणभर न्यूट्रल केलंत आणि इंजिन शांत होऊनही घूं तसाच राहिला, तर खात्रीच. पण हे करताना चावी बंद करायची नाही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकला मिळणारी मदत जाते, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे नेताना कटकटकट येतंय? तो सीव्ही जॉइंट. क्लच दाबला की आवाज सुरू आणि सोडला की बंद? रिलीज बेरिंग. उलट, क्लच दाबल्यावर बंद होतोय? मग गिअरबॉक्सच्या आतलं बेरिंग. बघा, अजून बॉनेट उघडलेलं नाही आणि निम्मी गाडी संशयातून सुटली.

आता बॉनेट. उघडायच्या आधी एक सांगतो. ओढणी, सैल बाही, गळ्यात लटकणारं आयकार्ड, हेडफोनची वायर, सगळं काढून ठेवा. बेल्ट फिरत असतो आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही आपणहून सुरू होतो.

सगळ्यात सोपा आवाज म्हणजे चीं चीं. सकाळी सेल्फ मारल्यावर, पावसात, किंवा एसी लावल्याबरोबर. गाडी सुरू झाल्या झाल्या बॅटरी भरून काढायला अल्टरनेटरवर ताण येतो, त्यामुळे सैल किंवा घासून गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. इंजिन चालू ठेवून लांबून बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडंसं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबला आणि परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. बेल्ट काही शे रुपयांचा असतो. पण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल आणि चीं चीं ऐवजी खरखर येत असेल, खाली कूलंटचे थेंब पडलेले असतील, तर पंपाचं बेरिंग गेलंय. तो आठवडाभर ढकलायचा विषय नाही.

आता टकटक. इथे थोडं थांबूया, कारण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे याच आवाजावर जातात.

बाबांची गाडी २००८ सालची आहे, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत तपासणी करून फेरनोंदणी केली, ती पाच वर्षांसाठी मिळते. म्हणजे २०२८ पर्यंत कागद साफ. आजी सासवडला राहते, बाबा दर आठवड्याला त्याच गाडीने दिवे घाट चढून तिच्याकडे जातात. गेल्या हिवाळ्यात इंजिन टकटक करायला लागलं. एका गॅरेजने ऐकून सांगितलं, पिस्टनचा आवाज आहे, हाफ इंजिन करावं लागेल, ३५ ते ४० हजार. गाडी विकायला काढली तर त्याच्या दुप्पट मिळाले तरी खूप. बाबांनी त्याच संध्याकाळी ओएलएक्सवर टाकायला फोटो काढले. आजीकडे जायला एसटी आहेच, वगैरे वगैरे.

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

पहिला प्रश्न, कधी? सकाळी गार इंजिनवर स्पष्ट टकटक. साधारण दहा मिनिटांनी, तापमानाचा काटा जागेवर आला की जवळजवळ गायब. घाटात ताण पडला की परत थोडी. आता यावरून काय कळतं बघा. क्रँकचं किंवा कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलं असेल तर गरम झाल्यावर आवाज वाढायला हवा, कारण ऑइल गरम होऊन पातळ होतं आणि फट जास्त वाजते. इथे उलट. म्हणजे ते नाही. पिस्टन झिजून सिलेंडरमध्ये हलत असेल तर मात्र गार असतानाच वाजतो आणि गरम झाल्यावर फुगून नीट बसतो. म्हणजे गॅरेजवाला अगदीच हवेत बोलत नव्हता. पण तिसरा एक संशयित याच सवयीचा आहे, आणि तो फार स्वस्त आहे. त्याच्याकडे येतो.

दुसरा प्रश्न, किती वेळा? हे मला फार आवडतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. म्हणजे कुठलाही एक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो आणि कुठलाही एक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका टॅपेटचा आवाज मिनिटाला ४०० वेळा येणार. रॉडचं बेरिंग मात्र बहुतेक वेळा प्रत्येक फेरीला ठोकतं, म्हणजे मिनिटाला ८००. कानाने दोन्ही मोजता येत नाहीत. पण फोनवर रेकॉर्ड करा आणि व्हिडिओ प्लेअरमध्ये पावपट वेगाने ऐका. आता तेच ठोके मिनिटाला १०० किंवा २०० होतात. पंधरा सेकंद मोजायचे, २५ आले की ५०? तुमच्यातले निम्मे लोक मला आत्ता दीडपट वेगाने ऐकत असतील, तेच बटण, फक्त उलट्या बाजूला. आरपीएम मीटर बघून आकडे बदला. गार इंजिन १२०० वर असेल तर ३७-३८ की ७५ असं बघायचं. याला पुरावा म्हणू नका, इशारा म्हणा. आमच्या गाडीत ठोके कमी वेगाचे निघाले, म्हणजे एका टॅपेटचे किंवा एका सिलेंडरच्या पेटण्याचे.

रेकॉर्डिंगबद्दल एक. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट पाठवू नका. ती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे, मागचा सततचा आवाज दाबते. आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. साधा व्हिडिओ काढा, बॉनेट उघडं ठेवून, एकाच जागेवरून, एकदा गार आणि एकदा गरम. व्हिडिओत आरपीएमचा काटाही एकदा दाखवा.

तिसरा प्रश्न, कुठे? इथे मेकॅनिकच लागतो. फुरसुंगीच्या रस्त्यावर आमचे एक मामा आहेत, छोटं गॅरेज, शटरच्या आत दोन गाड्या मावतात. मी त्यांना मोजणीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ते ठीक आहे साहेब. आधी गाडी रात्रभर इथे राहू द्या, सकाळी गार बघतो.” म्हणजे पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर. आधीच्या गॅरेजमध्ये गाडी रांगेत उभी राहून, चालवून, गरम झाल्यावर ऐकली गेली होती.

सकाळी त्यांनी काय केलं? एकेक सिलेंडर बंद करून बघितला. चालू इंजिनवर एका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, दोन-तीन सेकंद ऐकायचं, परत लावायचं, पुढचा. कोडमधली एकेक ओळ बंद करून बघतो ना, तसंच. टॅपेटचा आवाज असेल तर सिलेंडर बंद करून फरक पडत नाही, व्हॉल्व्ह उघडत-मिटत राहतोच. पेटण्याशी संबंधित आवाज असेल तर त्या सिलेंडरला बंद केल्याबरोबर विरतो. आमचा तीन नंबरला विरला. (हे तुम्ही घरी करू नका. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं तर तो खराब होतो.)

मग मामांनी पेट्रोल पाइपचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत गेले. तीन नंबरपाशी टकच्या मागे बारीकसा फस. टॉर्च मारला तर तिथे काजळीचा काळा ओघळ. मॅनिफोल्डचं पॅकिंग जळलेलं आणि एक स्टड तुटलेला. गार असताना फटीतून धूर फटकन बाहेर पडायचा, तोच टक. धातू गरम होऊन फुगला की फट बुजायची. घाटात दाब वाढला की परत उघडायची. सगळं जुळलं.

पॅकिंग, दोन नवीन स्टड आणि मजुरी धरून १८५० रुपये. तुटलेला स्टड काढण्यातच मामांचा अर्धा दिवस गेला, त्यामुळे हे पैसे मला तरी कमीच वाटले.

बाकी ही गळती स्वस्त आहे म्हणून सोडून द्यायची नाही. तो धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला स्वतःचा वास नसतो. बॉनेटखालून तो एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतो. अशा गाडीत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर डोकं दुखत असेल, झोप येत असेल, तर काचा उघडा आणि गॅरेज गाठा.

आणि टकटक खरंच टॅपेटची निघाली तर? तर फार घाबरू नका. मारुती ८०० मध्ये, तीन सिलेंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, १९८३ ते २०१४ पर्यंत बनत होती, तिच्यासारख्या जुन्या इंजिनांत टॅपेट स्क्रूने अ‍ॅडजस्ट होतात. फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची असते, फीलर गेज लावून बसवायची, तासाभराचं काम. जाता जाता सांगतो, ८०० ची आयडलिंगला होणारी थरथर हा दोष नाही, तीन सिलेंडरच्या इंजिनाची ती जातच आहे. ती माउंटिंग खराब झाल्यावर वाढते, एवढंच बघायचं.

काही इंजिनांत टॅपेट ऑइलच्या दाबावर आपणहून फट भरून काढतात. ते सुरू केल्यावर दोन-चार सेकंद टकटक करून गप्प झाले तर चालेल. मिनिटभर करत राहिले तर ऑइल बघा. किती आहे, कुठल्या ग्रेडचं आहे, बदलून किती महिने झाले.

आता दिवे घाटातला दुसरा आवाज. वडकीच्या पुढे चढ लागतो, तुम्ही चौथ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, आणि इंजिनमधून खळखळ, जशी कोणी डब्यात खडीसाखर हलवतंय. यालाच नॉकिंग म्हणतात. सिलेंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीने शिस्तीत जळण्याऐवजी काही भाग दाबाने आणि उष्णतेने आपणहून फुटतो. पहिला उपाय फुकट आहे, गिअर खाली घ्या. आरपीएम वाढू द्या. बरेच जण मायलेजसाठी चढावर वरचा गिअर सोडत नाहीत, त्यात इंजिनाचेच हाल होतात. खालच्या गिअरलाही खळखळ राहिली तर आत साठलेला कार्बन, चुकीचे प्लग, इग्निशनचं टायमिंग किंवा इंजिन जास्त तापणं, असं एकेक बघायचं.

पेट्रोलवर लगेच संशय घेतला जातो. आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० आहे, आणि इथेनॉल नॉकिंगला उलट विरोध करतं. जुन्या गाडीत इथेनॉलची काळजी करायची ती रबराची. वीस वर्षांपूर्वीचे पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर आवाजबिवाज सगळं सोडा, आधी पाइप बदला. आग लागायला एक थेंब पुरतो.

डिझेलवाल्यांनो, तुमच्या इंजिनाची खडखड मुळातच जास्त, त्यामुळे कालच्या आवाजाशी आजचा ताडून बघणं हाच मार्ग. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत आलं, आपल्या रांजणगावातही बनायचं. त्यात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. अशा चेनवाल्या कुठल्याही इंजिनात सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल आणि महिन्यागणिक तो वेळ वाढत असेल, तर चेन ताणली गेलीय किंवा टेन्शनर थकलाय. चेन उडाली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात.

चेन निदान बोलून दाखवते. टायमिंग बेल्ट नाही. तो रबरी, झाकणाच्या आत, बहुतेक वेळा शेवटपर्यंत गप्प. कुठलाही आवाज नाही, दिवा नाही, एक दिवस सोलापूर रोडवर इंजिन बंद. सेकंडहँड गाडी घेताना विचारा, बेल्ट कधी बदलला आणि बिल आहे का? ‘बदललाय, बिल नाही’ याचा अर्थ माझ्या लेखी ‘बदलायचाय’. मॅन्युअलमध्ये अंतर दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ८० हजार ते १ लाख किलोमीटर. आणि गाडी कमी चालली असली तरी रबराचं वय होतंच. बेल्टबरोबर टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण मजुरी तीच.

आता तो एक आवाज, ज्यासाठी खरं तर हा भाग करायचा होता.

आमच्या सोसायटीतले एक काका. गाडी त्यांची लाडकी, स्वतः धुवायचे. महिनाभर आयडलिंगला लाल ऑइलचा दिवा लुकलुकायचा, रेस दिली की जायचा. त्यांनी डिपस्टिक बघितली, ऑइल निम्म्याला होतं, थोडं टाकलं. दिवा तरी लुकलुकतच राहिला. त्यांना वाटलं सेन्सर असेल. मग गाडीतळाजवळच्या सिग्नलला खालून जड आवाज यायला लागला, धाड, धाड, धाड, दारावर कोणी मुठीने मारावं तसा. घर दोन किलोमीटरवर. काकांनी विचार केला, घरापर्यंत नेऊ. उड्डाणपुलावर इंजिन जाम झालं. मागून ट्रक येत होता, तो थांबला, नाहीतर मी हे वेगळ्या आवाजात सांगत असतो.

काय झालं असेल? क्रँक आणि रॉडच्या मध्ये बेरिंगचं पातळ पान असतं. धातू धातूला टेकत नाही, मध्ये ऑइलचा थर असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा. तो थर दाबाने टिकतो. लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगतच नाही, दाब किती आहे ते सांगतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा थर आधीच पातळ झालेला असतो. दिवा लुकलुकतो तेव्हा बेरिंगचा जीव वाचवता येतो. कधी पंप, कधी चोंदलेली गाळणी, कधी नुसतं चुकीचं पातळ ऑइल, आणि कधीकधी खरंच सेन्सर. पण सेन्सर आहे की नाही हे प्रेशर गेज लावून ठरवतात, मनात ठरवत नाहीत. धाडधाड सुरू झाली की बेरिंग गेलंच, आणि पुढची प्रत्येक फेरी क्रँक खात असते. तिथेच थांबलात तर क्रँक ग्राइंड करून वरच्या मापाचं बेरिंग टाकून इंजिन वाचू शकतं. नंतरचे दोन किलोमीटर गेलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

आपल्या शेजारी मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट बनतात, १९६१ पासूनची कंपनी. तापून लाल झालेलं पोलाद हजारो टनांच्या दाबाखाली ठोकून. इतक्या ताकदीने घडवलेली वस्तू गाडीत मात्र केसापेक्षा पातळ ऑइलच्या भरवशावर फिरते. मला हे दरवेळी अजब वाटतं.

म्हणून लाल दिवा किंवा खोल धाडधाड, दोन्हींना नियम एकच. इंडिकेटर, डावीकडे, चावी बंद, टो. टोईंगचे दोन-अडीच हजार रुपये हे त्या दिवशीचे सगळ्यात शहाणपणाचे पैसे.

बाकीचं भराभर सांगतो. गाडी मिसिंग करतेय, आयडलिंगला झटके, सायलेन्सरमधून भुर्र भुर्र असा तुटक आवाज, पिकअप नाही, तर आधी प्लग, मग कॉइल किंवा प्लगच्या वायरी, मग इंजेक्टर. या क्रमाने, कारण पैशांचा क्रमही तोच आहे. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर जपून गॅरेज गाठा, लुकलुकत असेल तर थांबा. गिअरमध्ये टाकून क्लच सोडताना धप्प येतो तो बहुतेक इंजिन माउंटिंगचा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थंडीत सकाळी आला तर ती वाफ, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीसारखा फेस दिसला म्हणून पावसाळ्यात लगेच धसका घेऊ नका. रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणाने पण होतो. डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच दिसलं तर मात्र पाणी खरंच आत गेलंय.

एप्रिल-मेमध्ये गाडीतळावर अर्धा तास अडकलात आणि काटा लालकडे सरकायला लागला, तर एसी बंद, हीटर फुल. हो, हीटर. तो इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. तुम्ही घामाघूम व्हाल, हेड वाचेल. तरी काटा चढतच राहिला तर बाजूला घेऊन बंद करा, आणि तासभर तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं कूलंट दाबाने तोंडावर येतं.

ब्लूटूथ स्कॅनरबद्दल तुम्ही विचारणारच. हजार-बाराशेत मिळतो, अ‍ॅपवर कोड दिसतो, पी०३०३ म्हणजे तीन नंबर सिलेंडर मिसिंग वगैरे. छान आहे. पण आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत तो जोडला जाईलच असं नाही. आणि जोडला गेला तरी बेरिंग, बेल्ट, टॅपेट, मॅनिफोल्डची फट यांचा कोडच नसतो. कॉम्प्युटरला ज्या वायरी जोडल्यात तेवढंच त्याला कळतं. आमच्या गाडीत एकही कोड नव्हता.

गॅरेजला जाताना फोनमध्ये एवढं लिहून न्या. आवाज कधीपासून, गार की गरम, उभ्या गाडीत की चालताना, चढावर वाढतो का, क्लचने फरक पडतो का, शेवटचं ऑइल कधी आणि कुठलं. दोन व्हिडिओ. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, नाहीतर नक्की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट परत मागा, यात कोणाचा अपमान नाही, चांगला मेकॅनिक तो स्वतःच दाखवतो. आणि कोणी हाफ इंजिन म्हणालं तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्रत्येक सिलेंडरचा दाब आकड्यात येतो, काही शे रुपयांत. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, मॅन्युअलमधल्या मर्यादेत असतील आणि गाडी ऑइल खात नसेल, तर चाळीस हजारांचा निर्णय त्या दिवशी घेऊ नका. गाडी दुसरीकडे दाखवा.

पुढच्या भागात ब्रेक. तिथेही चीं चीं आहेच, पण ती वेगळी. भेटू.